सहा रात्रींचं शिबिर: दिवसाचं वेळापत्रक बाजूला ठेवा, रात्रीचं विचारा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. तुम्ही नाशिकला. मे महिन्यात भंडारदऱ्याजवळ सात दिवसांचं, म्हणजे सहा रात्रींचं निवासी शिबिर आहे. वर्गातला मित्र जाणार म्हणून यालाही जायचंय. तुमचं आणि नवऱ्याचं ठरत नाहीये, आजींचा मात्र ठाम नकार आहे. शिबिरात मोबाइल चालत नाही आणि घरून फोनही करायचा नाही, याची तुम्हाला धास्ती वाटते. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की महिन्यातून एखाद्या वेळी त्याचं अंथरूण अजून ओलं होतं. नऊ वर्षं हे वय बरोबर आहे का आणि चांगलं शिबिर ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलंत.

ताई, माझ्या मते खरा प्रश्न त्या ओल्या अंथरुणाच्या ओळीत आहे. ज्यांना आपण ओळखत नाही अशा माणसांच्या ताब्यात मूल सहा रात्री द्यायचं, तर भरवसा कशावर ठेवायचा?

मी दोन दशकांहून जास्त काळ सह्याद्रीत मुलांची निवासी शिबिरं घेतो, मुख्यतः आठ ते पंधरा वयाच्या मुलांची. समुद्रकाठच्या किंवा हिमालयातल्या शिबिरांबद्दल मी अधिकाराने बोलणार नाही. पण एक गोष्ट सगळीकडे दिसते. पालकांचे फोन येतात ते दिवसाबद्दल विचारायला. रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) आहे का, झिपलाइन (तारेला लटकून घसरत जाणं) आहे का, नाश्त्याला काय, फोटो कधी टाकणार. माहितीपत्रकही दिवसाचंच असतं. मुलं रडतात, घाबरतात, आजारी पडतात, एकमेकांना छळतात ते मात्र बहुतेक वेळा रात्रीच्या जेवणापासून उजाडेपर्यंत. दिवसाचं शिबिर तुम्हाला नाशिकच्या कॉलेज रोडवरही मिळेल. इथे तुम्ही पैसे मोजताय ते रात्रींचे, तेव्हा विचारायचं तेही रात्रीबद्दल.

आधी वयाचं बघू. नऊ हे वय योग्य की अयोग्य याला सरसकट उत्तर नाही. सात वर्षांची मुलं मजेत राहतात आणि तेरा वर्षांचा एखादा तिसऱ्या दिवशी घरी जातो, हे दोन्ही नेहमीचं आहे. मी वयाऐवजी साध्या गोष्टी विचारतो. अंघोळ करून कपडे स्वतः बदलतो का? ताटातली नावडती भाजी थोडी तरी खातो का? शी झाल्यावर स्वतः धुतो का? (हसू नका, या वयाची बरीच मुलं घरी अजून आईला हाक मारतात आणि शिबिरात लाजेने दोन-दोन दिवस संडासला जात नाहीत. मग पोट दुखतं, मग ताप आलाय का म्हणून सगळे थर्मामीटर शोधतात.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, नव्या मोठ्या माणसाला तो ‘मला बरं वाटत नाहीये’ असं सांगू शकतो का? हे जमत असेल तर बाकीचं शिकता येतं. हे जमत नसेल तर बाकी कितीही हुशार असला तरी मी एक वर्ष थांबायला सांगतो.

मित्राचंही तपासून बघा. ‘समजा तो ऐन वेळी आला नाही, तरी तू जाशील?’ असं सहज, जेवताना विचारा. नाही म्हणाला म्हणून रद्द करायची गरज नाही, पण मग त्याला शिबिराला जायचं नाहीये, मित्राबरोबर राहायचंय, एवढं तुम्हाला कळेल. आम्ही अशा जोडीला झोपायला एका खोलीत ठेवतो आणि दिवसा वेगवेगळ्या गटांत घालतो. रात्री ओळखीचा चेहरा असला की बरं वाटतं, दिवसभर तोच चेहरा असला की दुसरी ओळख होत नाही. तुमच्या आयोजकांची काय पद्धत आहे ते विचारा.

आता सराव. पूर्वी हे काम मामाचं गाव करत असे. अख्खी सुट्टी मुलं आई-वडिलांशिवाय राहायची, दुसऱ्याच्या घरचं जेवायची, मामे-मावस भावंडांच्या रांगेत झोपायची. आता मामाही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि आपण गेलो तरी सगळे मिळून दोन दिवसांत परत येतो. तेव्हा शिबिराआधी महिना-दीड महिना त्याला आत्याकडे किंवा मामाकडे दोन रात्री एकट्याला पाठवा. तुम्ही सोबत नाही, रात्री व्हिडिओ कॉल नाही. तिथे काय होतं ते बघा. रडला आणि तरी राहिला, तर ती चांगली खूण आहे. न रडणाऱ्या मुलापेक्षा रडून सावरणाऱ्या मुलाची मला कमी काळजी वाटते.

सहाऐवजी दोन रात्रींचं शिबिर बरं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. सोपं वाटतं, तसं ते नसतं. पहिली रात्र नवलाईत आणि थकव्यात निघून जाते. घर आठवतं ते दुसऱ्या रात्री. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक मुलं सावरतात, त्यांना नावं पाठ होतात, जागा आपली वाटायला लागते. दोन रात्रींचं मूल नेमकं सगळ्यात वाईट रात्रीनंतर घरी येतं आणि तीच आठवण घेऊन येतं. म्हणून पहिल्या खेपेला मी चार-पाच रात्री सुचवतो. सहा म्हणजे थोडं जास्त, पण सराव चांगला झाला तर अशक्य नाही.

आता रात्रीचे प्रश्न. आयोजकांना फोन करा आणि रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळेबद्दल बोला. मुलं कुठे झोपतात, खोलीत की तंबूत? एका खोलीत किती? नऊ वर्षांच्या मुलांबरोबर चौदा वर्षांची मुलं झोपतात का? झोपत असतील तर मी ते शिबिर सोडून देईन. मोठी मुलं वाईट असतात म्हणून नव्हे, पण रात्री अकरानंतर त्यांच्या गप्पा आणि गमती ज्या वळणावर जातात तिथे नऊ वर्षांच्या मुलाचं काही काम नसतं. मोठं माणूस कुठे झोपतं? याचं बरोबर उत्तर ‘शेजारीच, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर, आणि एकटं नाही’ असं असतं. एक प्रौढ आणि एक मूल बंद दाराआड कधीही नकोत, हा नियम त्यांनी तुम्ही न विचारता सांगितला तर त्यांनी या गोष्टीचा आधी विचार केलाय असं समजा. मुलींच्या खोल्यांकडे बाई कार्यकर्त्या आहेत का, हे तुमच्या बाबतीत लागू नसलं तरी विचारा. त्यावरून शिबिर कळतं.

संडास किती लांब आहे, वाटेवर दिवा आहे का, मूल रात्री उठलं तर कोणाला उठवतं, हेही विचारा. क्षुल्लक वाटेल, पण अंधारात जायला भीती वाटते म्हणून संध्याकाळपासून पाणी न पिणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. मे महिन्यात पाणी न पिणं म्हणजे दुसऱ्या दिवशी डोकेदुखी, उलट्या आणि ओआरएसची पाकिटं.

माणसं किती, हे मोजतानाही रात्रीचं मोजा. ‘पन्नास मुलांमागे बारा जण आहेत’ असं सांगतात त्यात स्वयंपाकी, ड्रायव्हर आणि दिवसापुरते येणारे रॅपलिंगवाले धरलेले असतात. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांत मुक्कामी शिबिरासाठी सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक आणि नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक असं प्रमाण आहे. आपल्याकडे दहा मुलांमागे एक रात्री खरोखर जागेवर असला तरी मी चांगलं म्हणेन. आपल्याकडच्या बऱ्याच चांगल्या शिबिरांत ताई-दादा हे कॉलेजात शिकणारे, त्याच शिबिरातून वाढलेले असतात. ती मुलांमध्ये जीव ओततात, पगारी माणसाला जमत नाही ते करतात. तरी रात्री दोन वाजता एखाद्याला धाप लागली तर निर्णय घ्यायला पोक्त माणूस आवारातच हवा. वीस वर्षांच्या दादाने त्या वेळी नाशिकला फोन लावत बसणं बरोबर नाही, शिवाय भंडारदऱ्याजवळ रतनवाडीच्या बाजूला रेंज असेलच असंही नाही.

भंडारदरा म्हणालात म्हणून साप-विंचवाचं बोललं पाहिजे. घाबरवायला नाही, कारण योग्य काळजी घेतली तर हे टळतं. आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांपैकी नाग, घोणस आणि फुरसं चावलं तर बहुधा कळतं. मण्यारीचं तसं नाही. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत जवळजवळ नाही, सूजही येत नाही. सकाळी मूल म्हणतं पोटात दुखतंय, पापण्या जड वाटतात, बोलणं जड होतं. ‘नाटक करतोय, घरी जायचंय’ असं म्हणणारा शिबिरप्रमुख इथे जिवावर बेतवतो. म्हणून विचारा, मुलं खाटेवर झोपतात का? जमिनीवर असतील तर मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असते का? तंबूला शिवलेला तळ आहे का आणि चेन रात्री बंद होते का? सकाळी बूट झटकून घालायची सवय लावतात का? विंचवाच्या औषधोपचारात आता बरंच सुधारलंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्यामुळे पूर्वी दगावायची तशी माणसं आता दगावत नाहीत. पण औषध वेळेवर मिळायला दवाखान्यात पोहोचायला हवं. आयोजकाला विचारा, ‘रात्री बाराला साप चावला तर कुठे नेणार?’ राजूर, अकोले की घोटी, हे त्याला वही न उघडता सांगता आलं पाहिजे. तिथे सापाच्या विषावरची लस आहे का हे त्याने या मोसमात स्वतः विचारलेलं असलं पाहिजे आणि गाडी व ड्रायव्हर रात्रभर आवारात असले पाहिजेत. १०८ ची रुग्णवाहिका येते, पण घाटरस्त्यावर तिची वाट बघत बसण्यापेक्षा स्वतःची गाडी काढून वाटेत गाठणं बरेचदा लवकरचं असतं.

दिवसाचं मी दोनच गोष्टींत आटोपतो. पहिली पाणी. पालकांना दोराची भीती वाटते आणि पाण्याची वाटत नाही. माझं उलटं आहे. रॅपलिंगच्या वेळी मुलाच्या कमरेला हार्नेस असतो, वर माणूस, खाली माणूस, सगळ्यांचं लक्ष एका मुलावर. पाण्यात सगळी मुलं एकदम असतात आणि बुडणारं मूल ओरडत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी गेले. ते कॉलेजातले, मोठे होते. मे महिन्यात आर्थर लेकचं, म्हणजे भंडारदरा धरणाच्या जलाशयाचं पाणी मागे हटलेलं असतं, काठाला गाळ उघडा पडतो, पाय रुततो आणि पुढे एकदम खोल लागतं. तिथे नुसतं ‘पाय भिजवायला’ नेतानाही लाइफ जॅकेट काठावर पोहोचण्याआधी अंगावर हवं, आत जाताना आणि बाहेर येताना मोजणी हवी आणि एक पोहणारा माणूस फक्त पाण्याकडे बघत उभा हवा. त्याच्या हातात फोटो काढायला मोबाइल नको. पाण्यात उतरवतच नाही, असं आयोजक म्हणाले तर उत्तम. तुमचा मुलगा हिरमुसला तरी चालेल.

दुसरी गोष्ट वळवाची. मे उतरता उतरता दुपारनंतर ढग भरून येतात आणि विजा पडतात. गडगडाट ऐकू आला की मैदान, झाड, कडा सोडून पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. याच कारणाने कळसूबाई किंवा रतनगड असेल तर पहाटे निघून ऊन चढायच्या आत उतरायला हवं. कळसूबाई १६४६ मीटर, वाटेत लोखंडी शिड्या. नऊ वर्षांची मुलं चढतात, पण दुपारी दोन वाजता त्या शिड्यांवर पाणी संपलेली मुलं मला बघवत नाहीत. शिबिर मे अखेरीस असेल तर काजवे बघायला नेतीलच. काजवे सुंदर असतात. गर्दी, अंधार आणि अरुंद रस्त्यावर उलट येणाऱ्या गाड्यांचे दिवे, हे सुंदर नसतं. आवारातल्याच झाडांवर दाखवणारे आयोजक मला जास्त आवडतात.

कागदपत्रांचं म्हणाल तर साहसी उपक्रम असतील तर नोंदणी विचारा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि पर्यटन संचालनालयाकडे आयोजकांची नोंदणी होते. नोंदणी आहे म्हणजे सगळं ठीक, असं नाही. पण दोर लावून मुलं खाली सोडणारा माणूस ‘त्याची काय गरज’ म्हणाला, तर त्याला बाकी कशाची गरज वाटत असेल? फॉर्मवर ‘अपघाताला आम्ही जबाबदार नाही’ अशी ओळ सापडेल, ती जवळपास सगळीकडे असते. मी फॉर्म वेगळ्या नजरेने बघतो. त्यात तुमच्या मुलाबद्दल किती विचारलंय? दमा, फिट, अॅलर्जी, चालू औषधं, झोपेत चालणं, कशाची भीती, रात्रीची सवय, असे रकाने असतील तर कोणीतरी ते वाचणार आहे. नाव, पत्ता, टी-शर्टचा साइज आणि ती जबाबदारीची ओळ, एवढंच असेल तर मी पुढे जाणार नाही.

यातूनच अंथरूण ओलं होण्याकडे येतो. पहिली गोष्ट, हे लपवू नका. सातव्या वर्षी शंभरात पाच ते दहा मुलांचं रात्री अंथरूण ओलं होतं, वयाबरोबर कमी होत जातं, मुलग्यांत जास्त. कुठल्याही शिबिरात असं एक तरी मूल असतंच. आम्हाला आधी माहीत असेल तर मुलाला दाराजवळची जागा देतो, झोपल्यावर अकराच्या सुमारास उठवून संडासला नेऊन आणतो, गडद रंगाची जास्तीची चादर आणि पँट आमच्या खोलीत ठेवतो आणि झालंच तर इतरांना जाग यायच्या आत बदलतो. सगळं चार मिनिटांत, न बोलता. माहीत नसेल तर मूल ओल्या अंथरुणात सकाळपर्यंत जागं राहतं, मग ते लपवतं, मग वास येतो आणि मग नाव पडतं. मुलांनी दिलेलं नाव सहा दिवस टिकतं. शाळेतला मित्र सोबत असेल तर शाळेपर्यंत जातं.

हे सांगायचं ते फोनवर, शांतपणे, ज्या माणसाच्या ताब्यात तुमचा मुलगा असेल त्यालाच. बस सुटताना गर्दीत, मुलाच्या देखत नाही. आणि ‘मी दादांना सांगितलंय, ते तुला रात्री उठवतील’ हे मुलाला माहीत असू द्या, नाहीतर त्याला सहा दिवस गुपित सांभाळावं लागेल. समोरचा माणूस हसला, किंवा ‘अहो एवढा मोठा झाला तरी?’ म्हणाला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. काही पालक शिबिरापुरती गोळी विचारतात. अशी औषधं आहेत, पण ती बालरोगतज्ज्ञांना विचारूनच, आणि आधी काही आठवडे घरी देऊन पाहिल्यावर. संध्याकाळनंतर पाणी किती प्यायचं याचं त्या औषधाबरोबर पथ्य असतं. शिबिराच्या पहिल्या रात्री पहिली गोळी, हे करू नका.

फोनबंदीबद्दल तुमची धास्ती समजते, तरी त्या बाबतीत मी आयोजकांच्या बाजूने आहे. खेळात रमलेलं मूल संध्याकाळी आईचा आवाज ऐकलं की रडतं आणि त्याच्याबरोबर खोलीतली आणखी तीन रडतात. घराची आठवण हा आजार नाही, ती यायचीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ साली या विषयावर मार्गदर्शन काढलं होतं. त्यातला एक सल्ला मी दर पालकसभेत सांगतो: ‘नाही आवडलं तर मी लगेच न्यायला येईन’ असं वचन देऊ नका. आपल्याला वाटतं यामुळे त्याला धीर येईल. प्रत्यक्षात आपण त्याला सांगतो की हे तुला जमेल असं मला वाटत नाही. शिवाय पहिली अडचण आली की ती सोडवण्याऐवजी तो तुमचीच वाट बघत बसतो. त्यापेक्षा सांगा, ‘आठवण येईल, मलाही येईल. रडू आलं तर रड. ताईला किंवा दादाला सांग. शनिवारी मी स्टँडवर असेन.’ चार चिठ्ठ्या लिहून आयोजकांकडे आधीच द्या, रोज एक देतील. त्यात ‘तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं’ असलं काही नको. मनीने दूध सांडलं, आजीने लोणचं घातलं, असलं लिहा.

फोनबंदीला मात्र दोन अपवाद हवेत आणि ते आधी बोलून घ्या. एक, ते तुम्हाला कधी फोन करणार? ताप उतरत नसेल, मूल दोन जेवणं जेवलं नसेल, दोन रात्री झोपलं नसेल, तर त्यांनी न लाजता कळवायला हवं. दोन, मुलाला कोणाची भीती वाटली तर त्याला घरी बोलता आलं पाहिजे. आठवण आली म्हणून नाही, पण एखादा माणूस किंवा मोठा मुलगा त्रास देतोय म्हणून फोन मागितला तर नियम बाजूला ठेवतात का? इथे उत्तर देताना आयोजक अडखळले तर बारकाईने ऐका.

कारण पुढचा प्रश्न विचारायला तुम्हाला जड जाईल, तरी विचारा. ‘एखाद्या मुलाने सांगितलं की कोणी नको तिथे हात लावला, तर तुम्ही काय करता?’ ‘आमच्याकडे असं काही होत नाही’ हे मला सगळ्यात वाईट उत्तर वाटतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) अशी माहिती असलेल्या माणसावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकलेली आहे, ‘आपसात मिटवू’ ही सोय त्यात नाही. चांगला आयोजक सांगेल की मुलाला आधी सुरक्षित ठेवतो, ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला बाजूला करतो, पालकांना आणि पोलिसांना कळवतो. मुलाशीही निघण्याआधी बोला, फार गंभीर चेहरा न करता. अंघोळीच्या जागी कोणी सोबत यायचं नाही. ‘घरी सांगू नकोस’ असं ज्याबद्दल कोणी म्हणेल ते तर घरी सांगायचंच. आणि तू सांगितलंस म्हणून मी तुला कधीच रागावणार नाही. शेवटचं वाक्य दोनदा सांगा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर पाठ असेल तर बरंच.

रोजचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतील. ते मोठे करकरून त्याचा चेहरा तपासू नका. मागच्या रांगेत तोंड वाकडं करून उभा असलेला मुलगा बहुधा उन्हाकडे बघत असतो. मला अशा फोटोंवरून रात्री साडेअकराला फोन आलेले आहेत, तेव्हा तो मुलगा घोरत असतो.

सामानाचं फार लांबवत नाही. बॅग त्यालाच भरू द्या, तुम्ही बाजूला बसा, म्हणजे कुठे काय आहे ते त्याला सापडेल. नवे बूट नकोत. चड्ड्यांवर नाव, दोन टॉवेल, टॉर्च, टोपी. औषधं मुलाच्या बॅगेत नकोत, चिठ्ठीसकट प्रमुखाच्या हातात द्या. दम्याचा पंप असेल तर तो मात्र मुलाजवळच.

आजींना समजवायला माझ्याकडे युक्ती नाही. पण त्यांचा नकार नेमका कशाला आहे ते विचारा. बरेचदा तो ‘जेवेल का, कोणी मारेल का, रात्री उठला तर?’ असा असतो, म्हणजे त्या तुमच्यापेक्षा योग्य प्रश्न विचारताहेत. आयोजकांना फोन लावाल तेव्हा स्पीकरवर ठेवा आणि त्यांनाही विचारू द्या. आज्या फसत नाहीत.

तुमच्या जागी मी काय करीन? या आठवड्यात आयोजकांना फोन करीन आणि अंथरुणाची गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत काढीन. त्यावरच्या उत्तराने निम्मा निर्णय होतो. परीक्षा संपली की त्याला दोन रात्री आत्याकडे पाठवीन. दोन्ही ठीक झालं तर सहा रात्री पाठवा, वय आड येणार नाही. आयोजक पटले पण सराव फसला, तर दिवाळीच्या सुट्टीत लहान शिबिर बघा. तेव्हा ऊन नसतं, वळीव नसतो आणि तो सहा महिन्यांनी मोठा असेल. सराव चांगला झाला आणि आयोजक पटले नाहीत, तर मित्र जातोय म्हणून पाठवू नका, आणि जमलं तर मित्राच्या आईलाही तुम्हाला काय उत्तरं मिळाली ते सांगा.

परत आल्यावर पहिला दिवस तो झोपेल, खाईल आणि ‘मजा आली’ याशिवाय काही सांगणार नाही. प्रश्नांची सरबत्ती करू नका. तीन-चार दिवसांनी ‘तुझ्या खोलीत रात्री कोण घोरायचं?’ असं विचारा, मग बोलू लागेल. तेव्हा हातातलं काम सोडून ऐका. काही खटकलं तर आयोजकांना त्याच आठवड्यात कळवा, पुढची तुकडी निघायच्या आत.